पांदण, सायकल आणि ‘निर्मनुष्य’ हे विशेषण

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही सहा जण वर्ध्याहून सायकलींवर आंजी (मोठी)ला गेलो आणि तेथे आर्वीचा मोठा रस्ता सोडून धाम नदीच्या अंगाने पांदणीत शिरलो. सहांपैकी चौघे मराठीचे अध्यापक, दोघे पदव्युत्तर वर्गाचे विद्यार्थी. सहल उत्तम झाली. परतल्यावर विद्यार्थ्यांपैकी एकीने महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी लेख लिहिला आणि तो आम्हांला वाचावयास दिला. लेख चांगला होता. धुके, तुरीचा पिवळा फुलोरा, चाकाखाली करकरणारा मुरूम, सारे जेथल्या तेथे होते. फक्त पहिल्याच परिच्छेदात ‘निर्मनुष्य वाट’ असे शब्द आले होते, आणि तेथे आमच्यापैकी एकाचे वाचन अडले. वाट निर्मनुष्य कधी होती, असे त्याने विचारले.

मग आम्ही आठवून आठवून मोजदाद केली. कापसाची गाठोडी लादलेल्या दोन बंड्या. वेचणीला निघालेल्या सात-आठ बाया, कमरेला ओटी खोचलेल्या. शेळ्यांमागे एक पोरगा. दुधाचे कॅन बांधलेली एक फटफटी. रात्रीची जागल करून डोळे चोळत घरी निघालेला एक म्हातारा, खांद्यावर घोंगडी आणि हातात विजेरी. धुऱ्यावर बसून भाकरी खाणारे नवराबायको. त्यांनी आम्हांला ‘या जेवाले’ म्हटले होते आणि आम्ही घाईत नाही म्हटले होते. गावाकडे परत वळेपर्यंत तीसेक माणसे आम्हांला भेटली होती. लेखात त्यांतले एकही नव्हते. लेखिकेने कोणास वगळले असे नाही. तिला ती दिसलीच नाहीत असेही नाही, कारण मोजदादीत सर्वांत जास्त माणसे तिलाच आठवली. गाडी नव्हती, हॉर्न नव्हता, म्हणून ‘वाट मोकळी’ असे मनात आले आणि मोकळ्या वाटेला जोडण्यासाठी हाताशी जे विशेषण होते ते लेखणीतून उतरले. हे विशेषण तिला आपण शिकवलेले आहे. म्हणूनच हा लेख.

ज्याला आता पाश्चात्त्य देशांत ‘ग्रॅव्हल सायकलिंग’ म्हणतात त्याचे आकर्षण आपल्याकडेही वाढते आहे. डांबरी रस्त्यावरची धावपळ नको आणि डोंगरउतारावरची कसरतही नको, अशांसाठी ही मधली वाट: खडीचे, मातीचे, वाहनांवाचूनचे रस्ते, काठाला तळे, पुढे रान, जरा रुंद टायरची, हलकी, गिअरची सायकल. अमेरिकेतील मिसूरी राज्यात बंद पडलेल्या लोहमार्गाच्या पट्टीवर चुनखडीचा चुरा दाबून सुमारे ३८५ किलोमीटरची ‘केटी ट्रेल’ तयार झालेली आहे. कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया या गावातून २००६ पासून दोनशे मैलांची खडीरस्त्यावरची शर्यत होते आणि जगभरातून लोक तिला येतात. हे सारे वाचताना, चित्रफिती पाहताना मन तिकडे ओढले जाते हे आम्ही नाकारीत नाही. आमची आंजीची फेरीही अशाच एका चित्रफितीनंतर ठरली.

परंतु ‘ग्रॅव्हल’ला मराठीत काय म्हणावे यावर जाताना वाटेतच वाद झाला. विदर्भात ‘गिट्टी’ म्हणजे यंत्रात फोडलेली खडी, रस्त्याच्या पोटात घालतात ती. ‘मुरूम’ म्हणजे वर्ध्याच्या काळ्या दगडाचा झिजून, सडून झालेला तांबूस-पिवळा भुगा, टेकाडावरून खणून आणतात तो. आपला खडीरस्ता हा मुरमाचा रस्ता आहे, आणि त्याला स्वतःचे नाव आहे: पांदण. पश्चिम महाराष्ट्रात पाणंद. दोन्ही बाजूंना शेते, मधून बंडी जाईल एवढी वाट, काठाला बोरी-बाभळी. म्हणजे नाव आपल्याजवळ होतेच. आपण त्याचे भाषांतर शोधीत होतो.

दुसरी गोष्ट आंजीच्या चौकात कळली. तेथे एका दुरुस्तीच्या दुकानात एक जुनी काळी सायकल उलटी करून ठेवली होती. आमच्यातल्या एकाने कुतूहलाने टायर पाहिले: अठ्ठावीस बाय दीड इंच, म्हणजे जवळजवळ चाळीस मिलिमीटर रुंद. आमच्या गटात जी एक महाग ‘ग्रॅव्हल’ सायकल होती तिचे टायरही चाळीस मिलिमीटरचेच. दुकानदार हसला. गिअर नाहीत, वजन दुप्पट. पण चाक तेच. ह्याच काळ्या सायकलीवरून खेड्यांतली माणसे दोन पिढ्या मुरमाच्या वाटेने शाळेला, बाजाराला, जिनिंगला गेली आहेत. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून अनेक मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना ज्या सायकली मिळाल्या त्या ह्याच वाटांवर चालल्या. त्या मुलींनी आपण कोणता क्रीडाप्रकार करीत आहोत हे कोणास विचारले नाही. आपण मात्र त्याला नवे नाव आले म्हणून निघालो. असो.

आता प्रदेशाविषयी थोडे, कारण या प्रदेशात ‘निसर्गरम्य’ म्हणून जे दिसते त्यातले बरेचसे माणसाने केलेले आहे. आंजीला आणि पुढे येळाकेळी, पवनारला जाणारी धाम नदी वर आर्वी तालुक्यात महाकाळीजवळ अडवलेली आहे. हिवाळ्यात त्या जलाशयावर सकाळी जे रूप असते ते खरोखर पाहण्यासारखे आहे. पाण्यावर वाफ, कडेला सागाची उतरलेली पाने, मध्येच एखादा पाणकावळा पंख पसरून बसलेला. पण ते ‘तळे’ म्हणजे धाम प्रकल्प आहे. त्याचे पाणी कालव्याने हरभऱ्या-गव्हाला जाते, आणि नदीच्या पात्रातून खाली येऊन वर्ध्याच्या नळाला येते. आम्ही ज्या पाण्याकडे पाहून हरखलो ते आदल्या रात्री आमच्याच घरच्या टाकीत होते, असे एकाने म्हटले आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. पूर्व विदर्भातले तलाव घ्या. भंडारा, गोंदियाकडच्या ज्या तलावांवर आपण वनश्रीची वर्णने लिहितो ते कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले, राखलेले आहेत. तलावाच्या वर्णनात पाळ बांधणारा येत नाही आणि पांदणीच्या वर्णनात बंडी येत नाही. दोन्हीकडे खोड एकच.

पांदणीची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण ती समजली की तिच्यावर कोणाचा हक्क आहे हेही समजते. गावाच्या नकाशावर ती काढलेली असते. दोन तुटक रेषा समांतर जात असतील तर तो गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकच तुटक रेषा असेल तर पायमार्ग, सव्वाआठ फूट. रस्त्यात अडथळा केला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या पाचव्या कलमाखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. बांधावरून वाट मागावयाची तर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे १४३ वे कलम आहे. म्हणजे आम्हांला जी ‘वाट’ दिसली ती कागदावर हक्क म्हणून नोंदलेली आहे. आणि त्या हक्काची भांडणे किती! धुऱ्याला धुरा लागून असलेला शेतकरी दर वर्षी वखराचा एक फेर वाटेत घालतो. तासभर जमीन वाढते. वीस वर्षांत एकवीस फुटांची पांदण नऊ फूट उरते, आणि मग मागच्या वावराचा कापूस डोक्यावर आणावा लागतो, कारण बंडी जात नाही. पावसाळ्यात तर विचारूच नका. जेथे मुरूम नाही तेथे काळी माती चाकाला अशी चिकटते की चार पावलांत चाक फिरायचे थांबते. ही गत बंडीची, मग सायकलीची काय कथा! शिवाय वर्षानुवर्षे चाकांनी घासून पांदण दोन्ही वावरांपेक्षा खाली गेलेली असते. पाऊस पडला की तिचा नाला होतो. जून ते सप्टेंबर पांदण बंद म्हणजे पेरणी, डवरणी, फवारणी सारे अंगावर वाहून नेणे आले.

आम्ही धुऱ्यावर थांबलो असता एका शेतकऱ्याशी हेच बोलणे निघाले. आमच्यातल्या एकाने सहज म्हटले, इथे डांबर होऊ नये, ही वाट अशीच राहावी. तो मनुष्य काही रागावला नाही. म्हणाला, “तुमी सायकल चालवाले येता सर, तुमाले असंच बरं वाटते. मी पराटी काढतो इथून. मले पावसाळ्यात बंडी गेली पायजे. डांबर करा, मुरूम टाका, मले दोन्ही चालते.” आणि मग आम्हांला निरुत्तर करणारा प्रश्न: “तुमच्या गल्लीत कायचा रस्ता हाय?”

आमच्या गल्लीत सिमेंटचा आहे.

येथे आमचे मत स्पष्ट मांडतो. पांदण मुरमाची राहावी असे आम्हांलाही वाटते. मात्र ती आम्हांला सुंदर दिसते म्हणून नव्हे. जी वाट सुंदर दिसते म्हणून राखली जाते ती लवकरच कोणाच्या तरी फोटोसाठी राखली जाते. आमचे कारण वेगळे आहे. वाट नीट उचलून घेतली, दोन्ही अंगांना नाल्या काढल्या, ओघळावर रपटा बांधला आणि वर मुरूम दाबला, तर बंडी, ट्रॅक्टर, सायकल, बैल आणि माणूस सारे तिच्यावरून जाऊ शकतात आणि खर्च डांबरापेक्षा कमी येतो. डांबर किंवा सिमेंट झाले की पहिल्या वर्षी शेतकरी सुखी होतो, हे खरे. दुसऱ्या वर्षी तिच्यावरून मुरमाचे, रेतीचे टिप्पर धावू लागतात, कारण मोठ्या रस्त्यावरचा तपासणीनाका चुकवता येतो. मग बाया कडेने चालतात, शेळ्या हाकणारा पोरगा धुऱ्यावर चढतो, आणि तेव्हा मात्र वाट खरोखर निर्मनुष्य होऊ लागते. तरीही निर्णय त्या शेतकऱ्याचा. आम्ही वर्षातून चार रविवार जाणारे. आमचे मत सल्ल्याच्या किमतीचे.

शासनाने या वाटांकडे पाहिलेच नाही असे म्हणता येणार नाही. २०१८ मध्ये पालकमंत्री पांदण रस्ते योजना आली. २०२१ मध्ये रोजगार हमीशी जोडलेली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली. २०२५ च्या मे महिन्यात शेतरस्ते किमान तीन-चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात घ्यावी असे ठरले. आमच्या दृष्टीने या तिन्हींत शेवटचा निर्णय सर्वांत महत्त्वाचा, कारण मुरूम एका पावसाळ्यात वाहून जाऊ शकतो. सातबाऱ्यावरची ओळ सहसा वाहून जात नाही.

‘वाहनमुक्त’ या शब्दाचाही विचार येथे करावयास हवा. तो सरळ दिसतो तसा नाही. येळाकेळीजवळ समृद्धी महामार्गाला चढण्याची जागा आहे. नागपूर ते शिर्डी हा त्याचा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग जून २०२५ मध्ये. त्या रस्त्यावर सायकलीला, दुचाकीला, बंडीला, पायी चालणाऱ्याला मज्जाव आहे. वेगाचा विचार करता तो योग्यच आहे, त्याविषयी आमची तक्रार नाही. पण एकाच प्रदेशात दोन टोके आहेत हे लक्षात यावे: एक रस्ता माणसांपासून मुक्त, आणि दुसरी वाट वाहनांपासून मुक्त. दोन्ही ठिकाणी ‘मुक्त’ हाच शब्द वापरला जातो. कोण कोणापासून मुक्त झाला, हे त्या शब्दावरून कळत नाही.

वर्ध्याला हा प्रश्न नवा नाही. मगनवाडीत बसून जे. सी. कुमारप्पा ग्रामोद्योगांचा विचार करीत होते तेव्हा त्यांनी रस्त्याचाही विचार केला. गावाच्या पैशातून मोटारीसाठी कठीण रस्ते करावयाचे आणि मग बैलगाडीची लोखंडी धाव त्या रस्त्यांना खराब करते म्हणून तिला रबरी चाके लावावयाची, ही विचारसरणीच त्यांना उलटी वाटे. पुढे स्वातंत्र्यानंतर ते दिल्लीत नियोजनाच्या एका बैठकीला टांग्यातून निघाले असता त्या रस्त्यावर टांग्यांना बंदी आहे म्हणून पोलिसांनी त्यांना अडवले, अशी हकिकत त्यांच्या चरित्रांत येते. खेड्यांसाठी योजना आखणाऱ्या सभागृहापर्यंत खेड्याचे वाहन पोचत नाही, यात त्यांचा संताप होता. मगनवाडीतूनच गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी पायी सेगावला राहावयास गेले. त्या वेळी सेगावला धड रस्ता नव्हता; पावसाळ्यात चिखल तुडवून तेथे पोचावे लागे. सेगावचे सेवाग्राम १९४० मध्ये झाले. आज तेथे रुंद रस्ता आहे आणि बसगाड्या लागतात. त्या पहिल्या चिखलाविषयी आपण भक्तिभावाने लिहितो. आंजीच्या शिवारातल्या आजच्या चिखलाविषयी मात्र फक्त ग्रामपंचायतीचा ठराव लिहिला जातो.

वाहनमुक्त रानवाटेचे आणखी एक उदाहरण जवळच आहे, आणि ते सायकलस्वाराला मर्यादा शिकवणारे आहे. उत्तरेला बोरचे जंगल. १९७० मध्ये अभयारण्य, २०१४ मध्ये व्याघ्रप्रकल्प. क्षेत्र १३८ चौरस किलोमीटर, देशातल्या सर्वांत लहान व्याघ्रप्रकल्पांपैकी हा एक. बोर धरणाच्या पाण्याकडे जाणाऱ्या रानवाटा कोणाही सायकलस्वाराला हव्याशा वाटतील अशाच आहेत. पण त्या आपल्यासाठी नाहीत, आणि नसाव्यात. तेथून नवरगावसारखे गाव हलवण्यात आले आहे. ज्या वाटेने तेथली माणसे बाजाराला जात ती वाट त्यांनी सोडली. ती त्यांनी वाघासाठी सोडली. आता तिच्यावर आपल्या करमणुकीचा हक्क आपण सांगणे हे बरे दिसत नाही. वाघही प्रकल्पाच्या रेषेत राहत नाहीत, हे आंजी, खरांगणा, कारंजा (घाडगे) या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला कोणी सांगण्याची गरज नाही. ब्रह्मपुरी भागात पकडून २०१७ मध्ये बोरमध्ये सोडलेली एक वाघीण शेकडो किलोमीटर हिंडली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात याच जिल्ह्यात शेताच्या कुंपणातल्या विजेच्या प्रवाहाने मेली. रानडुक्कर आणि रोही पिकात शिरतात म्हणून शेतकरी तारेत वीज सोडतो. ते बेकायदा आहे, आणि त्यात वाघ, गुरे, माणसेही मरतात. जो सायकलस्वार संध्याकाळच्या ‘सोनेरी उजेडासाठी’ पांदणीत उशिरापर्यंत रेंगाळतो त्याने ही तार लक्षात ठेवावी. त्या म्हाताऱ्याची जागल आणि ती तार ही एकाच रानडुकराला दिलेली दोन उत्तरे आहेत. झोप गमावणारे उत्तर आम्हांला पांदणीत भेटले आणि आम्ही त्याला साधा रामरामही केला नव्हता.

हे सारे साहित्याच्या विद्यार्थ्यांना कशासाठी सांगावयाचे, असे कोणी विचारील. आमच्या मते प्रश्न मुळात साहित्याचाच आहे. मराठी प्रवासवर्णनात आणि ललित निबंधात ‘निर्मनुष्य’, ‘निर्जन’, ‘नीरव’ ही विशेषणे इतकी रुळली आहेत की निसर्ग म्हटला की आधी माणूस पुसावयाचा ही सवय लागली. शहरी मध्यमवर्गाने शहराबाहेर जाऊन लिहिलेल्या गद्यात हे स्वाभाविकही होते. ज्याला गर्दीचा वीट आला आहे त्याला रिकामी जागा हवी असते, आणि हवी ती दिसते. पण स्वाभाविक असणे आणि खरे असणे यांत अंतर आहे. शेतात राबणारा माणूस आपल्या ग्रामीण कथा-कादंबरीत भरपूर आला. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये वऱ्हाडी बाईचे कष्ट आहेत, भाषा आहे. तोच माणूस निबंधात मात्र दृश्यातला ठिपका होतो. एकाच वाचकवर्गाने, एकाच दशकात, दोन्ही वाचले आणि त्याला विसंगती वाटली नाही, हे नवलच.

अपवाद आहेत, आणि मोठा अपवाद विदर्भानेच दिला आहे. मारुती चितमपल्ली वनखात्यात अधिकारी होते. त्यांना रानात एकटे हिंडण्याची जितकी संधी मिळाली तितकी मराठी लेखकांत क्वचितच कोणाला मिळाली असेल. तरीही त्यांचे रान निर्मनुष्य नाही. नवेगावबांधवर लिहिताना तेथले माधवराव पाटील त्यांच्या पानोपानी येतात. पक्ष्याचे नाव, झाडाचे नाव, माशाची सवय कोणी सांगितली हे लेखक सांगतो. ज्ञान कोठून आले याची ही पोच आहे. २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा ‘अरण्यऋषी’ हा शब्द पुन्हा सगळीकडे आला. शब्द आदराचा आहे. पण ऋषी म्हटले की पुन्हा एकटा माणूस आणि निर्जन वन डोळ्यांपुढे येते. त्यांचे लेखन तसे नाही. ते गोंड, कोहळी, ढिवर माणसांनी भरलेले आहे. आमच्या वर्गांत ‘रानवाटा’ वाचताना आपण भाषेचे सौंदर्य दाखवतो. शब्द कोणाकडून आले हे दाखवावयाचे राहते.

वर्ध्यात दोनदा अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले: १९६९ मध्ये पु. शि. रेगे यांच्या आणि २०२३ मध्ये नरेंद्र चपळगावकर यांच्या अध्यक्षतेखाली. दुसऱ्या संमेलनाला आमच्यातले बहुतेक जण हजर होते. परिसंवाद झाले, ग्रंथदालने पाहिली. ज्या बोलीत धुरा, आखर, रपटा, शिवपांदण, जागल हे शब्द रोजच्या व्यवहारात आहेत ती बोली मंडपाच्या चहूबाजूंना बोलली जात होती. या शब्दांची मौज म्हणून नोंद करणे सोपे आहे. पण शिवपांदण म्हणजे दोन गावांच्या शिवेवरची पांदण. ती कोणत्या ग्रामपंचायतीने दुरुस्त करावयाची यावर पिढ्यान्‌पिढ्या टोलवाटोलवी होते आणि म्हणून ती सर्वांत वाईट स्थितीत असते. शब्दाचा अर्थ देताना एवढे सांगितले तर कोशातली ओळ लांबते, इतकेच.

एक मोह आम्हांला झाला तोही कबूल करतो. पुलगाव ते आर्वी हा ३५ किलोमीटरचा अरुंद लोहमार्ग, लोक त्याला शकुंतला म्हणतात, केव्हाच बंद पडला आहे. केटी ट्रेल वाचलेल्या माणसाला ती पट्टी पाहिली की दुसरे काही सुचतच नाही: सपाट चढ, सावली, पूल तयार, मुरूम दाबला की झाली सायकलवाट! परतताना आम्ही तिचा आराखडाही तोंडी करून टाकला. मग आमच्यातला एक, जो आर्वीचा आहे, तो म्हणाला, “आमच्या गावाला गाडी पाहिजे.” आर्वीकरांची ती मागणी जुनी आहे: रुळ रुंद करा, गाडी सुरू करा. ज्या पट्टीवर एका तालुक्याची आशा अडकली आहे तिच्यावर आपली रविवारची फेरी बेतणे आम्हांला जमले नाही. मिसूरीत रेल्वे नको झाली होती, म्हणून तेथे वाट झाली. येथे ती हवी आहे. तो आराखडा आम्ही तेथेच सोडला.

बाबा आमटे हिंगणघाटचे, म्हणजे याच जिल्ह्यातले. १९८५ मध्ये कन्याकुमारीहून निघालेल्या त्यांच्या ‘भारत जोडो’ यात्रेत तरुण-तरुणी सायकलींवर होते. सायकल निवडण्याचे कारण उघड आहे: तिच्यावरून जाणारा माणूस वाटेतल्या माणसाशी बोलू शकतो, आणि बोलला नाही तर त्याला सबब राहत नाही. आम्ही त्या रविवारी ‘या जेवाले’ला नाही म्हटले होते, हे मघाशी सांगितलेच.

लेखिकेने आपला लेख बदलला. ‘निर्मनुष्य’ काढला, त्याजागी काही घातले नाही; वाक्य एका शब्दाने लहान झाले. पुढे दोन परिच्छेद नवे आले, एक जागल्या म्हाताऱ्यावर आणि एक त्या नवराबायकोवर. संपादक मंडळातल्या एकांना आता निसर्गवर्णन कमी झाले असे वाटते. चर्चा चालू आहे.

मध्यंतरी फेब्रुवारीत आम्ही पुन्हा गेलो. पळस फुलायला लागला होता. पहिल्या फेरीत जेथून नदीकडे वळलो होतो तेथे पांदणीच्या तोंडावर बोराटीचे काटे आडवे टाकलेले होते आणि मागे दोन ताजी तासे वाटेतून गेलेली दिसत होती. आम्ही सायकली खांद्यावर घेऊन बाजूने जाऊ शकलो असतो. त्याच वेळी मागून एक बंडी आली आणि थांबली. गाडीवान खाली उतरला, काटे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि म्हणाला, “तुमच्याजवळ फोटो काढाचा फोन हाय ना? काढा. तारीख येऊ द्या त्याच्यात.” आम्ही काढला. तो तहसील कार्यालयात अर्जाला जोडला आहे. साक्षीदार म्हणून खाली आमच्यापैकी तिघांच्या सह्या आहेत.